पिकत घातलेली तंबाखू

२ फेब्रुवारी

वही नातीची. शाळेत सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस म्हणून मिळाली, ती तिने मला देऊन टाकली. मला, जिला अक्षर म्हणजे कागदावर सांडलेल्या मुंग्या. आता मी बोलते आणि सूनबाई लिहिते. तिचा हात चांगला आहे म्हणतात. मी म्हणते, हात चांगला असेल, पण भाजी अजून जाड चिरते. (हेही लिहिलंस? असू दे.)

वही कशासाठी, तर तंबाखूसाठी. पाइपच्या दुकानातला तो मिशाळ माणूस, ज्याला घरात सगळे मिशाच म्हणतात, त्याने मागे सांगितलं होतं की तंबाखू पिकत घालणारे लोक नोंद ठेवतात. पाच वर्षं मी ती डोक्यात ठेवली. आता थोडेच आठवडे उरलेत, तेव्हा शेवटचं तरी कागदावर असावं.

पाच वर्षांपूर्वी यांचं हृदय रुसलं. डॉक्टरांनी पाइप बंद करायला सांगितला. यांनी तोंड असं केलं, की डॉक्टरांनाच वाईट वाटलं आणि आठवड्याला एक, फक्त रविवारी, असं ठरलं. मी म्हटलं, एकच ओढायचा तर तो एक तरी धड असू दे. हे रुग्णालयात पडून होते तेव्हाच मी मिशाकडे गेले. तो म्हणाला, नवी तंबाखू तिखट असते, जिभेला चावते. बरणीत घट्ट कोंडून वर्षानुवर्षं अंधारात ठेवली की मवाळ होते. माणसांचं नेमकं उलट होतं, असं मी त्याला म्हटलं. तो मिशीत हसला आणि चार बरण्या भरतील एवढी तंबाखू बांधून दिली.

अकरा एप्रिलला आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. त्या दिवशी बरण्या उघडायच्या.

९ फेब्रुवारी

आज रीत सांगते. सूनबाई, नीट लिही, पुढे कुणाला उपयोग होईल.

पिवळ्या पानाची, दाबून वड्या केलेली तंबाखू घ्यायची. ती फार ओली नको, फार सुकी नको. चिमटीत दाबली की चिकटावी आणि सोडली की उलगडावी. काचेची बरणी उकळत्या पाण्याने धुऊन खडखडीत वाळवायची. तंबाखू भरताना कोंबायची नाही, थोडी हवा आत राहू द्यायची. मग रबरी चकतीचं झाकण आवळायचं. त्यापुढे तीन गोष्टी पाळायच्या: ऊब नको, उजेड नको, आणि काहीही झालं तरी उघडायची नाही. उघडली की आतली हवा बदलते आणि इतक्या दिवसांचं पिकणं मोडतं.

आमच्या बरण्या जिन्याखालच्या कपाटात आहेत. तिथे दिवा मी मुद्दामच लावून घेतला नाही. दर आठवड्याला अंधारात हात घालते, बरणी चाचपते आणि झाकणापाशी नाक नेते. झाकण कितीही घट्ट असो, चकतीच्या कडेला आतली बातमी थोडी कळतेच. पहिल्या वर्षी वाळक्या गवताचा वास होता. मग नव्या चामड्याचा. आता मनुकांचा येतो, आणि त्यामागे आणखी काहीतरी आहे, ज्याला मला अजून नाव सापडलेलं नाही.

झाकणावरून मी लाल दोरा बांधला आहे. मी डावखुरी, त्यामुळे माझी गाठ सगळ्या जगाच्या उलट बसते. लहानपणी आईने माझा डावा हात सुधारायचा प्रयत्न केला होता. शेवटी तीच दमली.

हे मधूनमधून लाडीगोडी लावतात. एकच चिमूट, नुसता वास, असं. मी म्हणते, पन्नास वर्षं मला सांभाळलंत, आणखी दोन महिने बरण्यांना सांभाळा. हातावर हात ठेवून त्यांनी वचन दिलंय. बोलायला गोड आहेत. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्यात आयुष्य गेलं, पण गिऱ्हाइकं यायची ती बोलणं ऐकायला.

१८ फेब्रुवारी

बहिणीकडून आज परत आले. तिचा गुडघा आता बरा आहे, तोंड आधीपासूनच बरं होतं.

घरात पाऊल टाकलं तर साबणाचा वास. जिन्याखालची फरशी पुसलेली. हे स्वतः चहा करून घेऊन आले, कपाखाली बशीसुद्धा होती. मी म्हटलं, कोण मेलं? तर म्हणाले, तुझ्याशिवाय करमत नव्हतं. आता या वयात हे ऐकून मी लाजले, तेही लिही. सूनबाई माझी पिशवी घेऊन गेली ती बराच वेळ आतून आलीच नाही. दमली असेल बिचारी, चार दिवस सासऱ्याचा पाहुणचार एकटीने केला.

६ मार्च

आज एक विचित्र झालं. बहिणीकडून आल्यापासून कपाटाकडे फिरकणं झालं नव्हतं. कपाटात हात घातला, बरणी चाचपली, तर गाठ सुलटी. म्हणजे जगाच्या मते सुलटी, माझ्या मते उलटी. दुसऱ्या बरणीचीही तशीच. चारही.

यांना सांगितलं. हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, तूच कधीतरी नव्याने बांधली असशील, आठवत नसेल. मी म्हटलं, आठवत नाही हे खरं, पण माझा हात उजवीकडून कधी गाठ मारत नाही. तर म्हणाले, अगं, वय होतं माणसाचं.

सूनबाईला विचारलं. तिने मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली ते मला कळलं नाही.

८ मार्च

मनुका गेल्या. आज चारही बरण्यांना नाक लावून बसले. चकतीपाशी मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांच्या डब्यासारखा वास येतो. गोडगोड, डोक्यात जाणारा. पाच वर्षं पिकलेल्या तंबाखूला असा वास यायला कारण नाही.

सूनबाईला कपाटापाशी बोलावून वास घ्यायला लावला. ती म्हणाली, मला तर काहीच येत नाही, आई. यांना बोलावलं. यांनी मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, छान मनुकांचा वास येतोय की. मग माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाले, वयाने नाक मंदावतं, मनाला लावून घेऊ नकोस.

लावून घेतलं. माझ्यापाशी आहेच काय? अक्षर नाही, हिशेब बोटांवर. पण दूध उतू जायच्या आधी मला कळतं, पाऊस कोणत्या बाजूने येणार ते कळतं, नात तापाने फणफणायच्या आदल्या दिवशी तिच्या केसांवरून कळतं. ते सगळं नाकावर चाललं होतं. तेच खोटं बोलू लागलं तर मी कशावर चालू?

सूनबाई, थांबलीस का? पेन संपलं असेल तर दुसरं घे.

१७ मार्च

डॉक्टरांकडे नेलं मला. हृदयाच्या नव्हे, दुसऱ्या. त्यांनी माझे डोळे बांधले आणि नाकाखाली बाटल्या धरल्या. कॉफी, साबण, लवंग, रॉकेल. सगळ्या ओळखल्या. वर, साबण जुना आहे आणि बाटलीचं बूच नवीन आहे, हेही सांगितलं. डॉक्टर हसले. म्हणाले, नाक तर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मग त्यांनी आठवणीचे प्रश्न विचारले. आज कोणता वार, उलटे आकडे, असलं. मी घाबरले होते, दोन चुकले.

बाहेर आल्यावर मी यांना म्हटलं, बघा, नाक चांगलं आहे. हे म्हणाले, ते उग्र वास होते, ते कुणालाही येतात. बारीक वास आधी जातात.

जिना उतरताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. लग्नात धरला तेव्हासुद्धा इतका घट्ट नव्हता. मला वाटलं, चला, माझं काहीही हरवलं तरी हा हात आहे.

२५ मार्च

स्वयंपाकघराच्या किल्ल्या आज सूनबाईला दिल्या. सगळं तिच्या ताब्यात. म्हटलं, माझा आता भरवसा नाही, एखाद्या दिवशी गॅस चालू राहील आणि मला वास येणार नाही. चव बघायचंही तूच बघ.

किल्ल्या हातात घेऊन ती रडायला लागली. मी म्हटलं, अगं, बारा वर्षं या किल्ल्यांवर तुझा डोळा आहे, आता मिळाल्या तर हस की. तर जास्तच रडली. मनाची हळवी आहे. आजवर मी तिला उगीच टोचलं असं वाटलं, भाजीवरूनसुद्धा.

(आई, पुरे आता, असं ती म्हणतेय. ते लिहायचं नसतं, बाई. मी सांगेन तेच लिही.)

३ एप्रिल

यांना म्हटलं, अकरा तारखेचं रद्द करू. मला वास कळत नाही, लोकांसमोर शोभा नको. हे इतक्या लवकर हो म्हणाले की मलाच राग आला. म्हणाले, आपण दोघंच उघडू, घरच्या घरी. मग मीच हट्ट धरला. पाच वर्षं काय अंधाराशी गप्पा मारायला घालवली? मला नसेल कळत, ज्यांना कळतं त्यांना तरी कळू दे. मिशाला बोलावणं पाठवलं. यांच्या दुकानातल्या जुन्या सोबत्यालाही, ज्याला सगळे खोकला म्हणतात आणि जो त्या नावाला जागतो.

मुलगा नोकरीच्या गावाहून येणार आहे. फोनवर म्हणाला, आई, कसंही झालं तरी तू केलंस हेच मोठं. हे काय बोलणं? कसंही म्हणजे काय?

१२ एप्रिल

काल सांगायला जमलं नाही. आज सांगते. सूनबाई, बस इथे. लांब नको, जवळ. आणि एकही शब्द गाळायचा नाही.

सगळे जमले. मी स्वतः दोरा कापला आणि पहिली बरणी उघडली. उघडताच तो वास, सबंध खोलीभर, चॉकलेटच्या डब्याचा. मी सगळ्यांची तोंडं बघितली. हे खिडकीकडे बघत होते. मुलगा म्हणाला, आई, कमाल. खोकल्याने पाइप पेटवून दोन झुरके मारले आणि शिकवलेल्या पोपटासारखा म्हणाला, वा, काय मऊ झालीय, वर्षांची कमाई.

मिशाने मात्र चिमूटभर तळहातावर घेतली, अंगठ्याने चोळली, हुंगली. मग सूनबाईकडे बघितलं. सूनबाई कप भरत होती, भरलेला कप पुन्हा भरत होती. मिशाने ती चिमूट परत बरणीत टाकली, हात झटकले आणि पाइप खिशात ठेवला.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, तुम्ही मला एकच सांगा. मला यात मिठाईच्या दुकानाचा वास येतो. घरात सगळ्यांना मनुका येतात. माझं नाक गेलंय का?

त्याने यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "वहिनी, तुमचं नाक शाबूत आहे. ही माझ्या दुकानातली डब्यातली तंबाखू आहे, व्हॅनिला घातलेली. फेब्रुवारीत माझ्याकडूनच नेली होती."

कुणी नेली ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही, सूनबाई किटली तशीच टाकून आत निघाली होती.

मग यांनी सांगितलं. मी बहिणीकडे गेले त्याच दुपारी यांनी एक बरणी उघडली. नुसता वास घ्यायला. टॉर्च मारून बघतात तर वड्यांवर पांढरं. यांना वाटलं बुरशी, आणि आपण उघडली म्हणूनच आली. घाबरून दुसरी उघडली, तीत पांढरं. तिसरीत, चौथीत, सगळीकडे. मग सूनबाईला हाक मारली. तिने चारही बरण्या कचऱ्याच्या गाडीत रिकाम्या केल्या, धुतल्या, दुकानातून डबे आणले. दोरे यांनी बांधले. पुढे मी गाठी ओळखल्या, वास ओळखला, तेव्हा एकच वाट उरली होती म्हणे, माझंच नाक गेलंय असं म्हणायची. मुलाला आठवड्यापूर्वी सांगितलं होतं. खोकल्याला दारातच सांगितलं की काहीही असलं तरी वा म्हण.

मिशाने विचारलं, पांढरं कसं होतं? साखरेसारखं चमकत होतं की मांजराच्या अंगासारखं केसाळ? केसाळ असेल तर बुरशी, टाकलीत ते बरं केलंत. चमकत असेल तर ती पिकल्याची खूण. फार थोड्यांच्या नशिबी येते.

हे म्हणाले, घाईत नीट बघितलं नाही. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरली या माणसाने. घरात आजही एका खणात पन्नास पडली असतील.

मला वाईट वाटेल म्हणून केलं, असं सगळे एकदम बोलू लागले. मी थांबवलं. म्हटलं, "तंबाखू टाकलीत, त्याचं मला काही नाही. ती ओढायची वस्तू, धूर होणारच होती. पण डॉक्टरांच्या जिन्यात तुम्ही माझा हात धरला होता. तेव्हा माझं नाक ठणठणीत आहे हे तुम्हाला माहीत होतं."

खोकलासुद्धा खोकला नाही.

१४ एप्रिल

काल दिवसभर एकच किडा डोक्यात. ही वही. मी बोलले ते हिने लिहिलं, असं मी आजवर धरून चालले. पण ज्यांनी बरण्या बदलल्या ते शब्द बदलणार नाहीत कशावरून? मला तर मुंग्याच दिसतात, कोणती मुंगी कुणाची ते काय कळणार.

म्हणून आज वही घेऊन मिशाच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं, त्याने पहिल्या पानापासून मोठ्याने वाचलं. सगळं तसंच. भाजी जाड चिरते, तसंच. मान कोणत्या बाजूला हलवली ते कळलं नाही, तसंच. पेन संपलं असेल तर दुसरं घे, तेही. स्वतःच्या लबाडीवरच्या माझ्या शंका तिने स्वतःच्या हाताने, सुंदर अक्षरात लिहून ठेवल्या आहेत. एक शब्द खोडलेला नाही. मिशा म्हणाला, काही पानांवर शाई पसरली आहे, पाणी पडल्यासारखी.

घरी येऊन वही तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, लिही. आजची तारीख घाल.

१६ एप्रिल

भाजी निवडताना तिला विचारलं. तू टाकलीस ना ती गाडीत, मग तू बघितलं असशील. कसं होतं पांढरं?

तिने शेंगा खाली ठेवल्या.

"चमकत होतं, आई," ती म्हणाली. "उन्हात बरणी उपडी केली तेव्हा साखर सांडल्यासारखं वाटलं. मला तेव्हाच वाटलं की ही घाण नाही. पण बाबा म्हणाले लवकर कर, गाडी निघाली."

आणि वास? तिने श्वास रोखला होता. बुरशी छातीत जाऊ नये म्हणून.

म्हणजे पिकली होती. चारही बरण्या. हे मोठ्या अक्षरात लिही. अक्षरं मोठी करता येतात ना? कर. तंबाखू पिकली होती.

किल्ल्या ती परत देत होती. मी घेतल्या. डोळे पूस म्हटलं, शेंगांना खारट करू नकोस.

१९ एप्रिल

रविवार. यांनी पाइप काढला नाही. सकाळपासून माझ्या मागेमागे. मी ओट्यापाशी तर हे ओट्यापाशी, मी दोरीवर कपडे घालते तर हे चिमटे धरून उभे. शेवटी म्हणाले, अगं, तुला एक सांगायचंय. मी वास घेतला होता. पांढरं दिसण्याआधी, झाकण उघडलं त्याच क्षणी. एकदाच, पण घेतला.

मी हातातली चादर तशीच धरून राहिले. जगात तो वास माहीत असलेला हा एकच माणूस. त्यामागचं ते, ज्याला मला पाच वर्षं नाव सापडलं नाही, तेही याच्या नाकात गेलेलं.

म्हटलं, सांगा.

त्यांनी सांगितलं. डोळे मिटून, हळूहळू सांगितलं. वाळलेल्या अंजिरासारखा होता, आणि मध होता, आणि तळाशी जुन्या लाकडी पेटीसारखं काहीतरी, जी फार वर्षांनी उघडावी आणि आत आपलंच काहीतरी सापडावं. असा वास मी आयुष्यात घेतला नव्हता, म्हणाले. आजवर ते माझ्याशी इतकं सुंदर कधी बोलले नव्हते.

तसाच असेल. किंवा नुसती जुनी तंबाखू असेल आणि अंजीर-मध हे आत्ता, दोरीपाशी, मला बरं वाटावं म्हणून त्यात घातले असतील. मी त्यांच्या तोंडाकडे खूप वेळ बघितलं. बरणी असती तर झाकणापाशी नाक नेलं असतं.

म्हटलं, चादरीचं ते टोक धरा, जमिनीला लागतंय.